थोडं अजून आवळ

कनेरगाव नाक्यावर काहीही गळत असलं तरी औषध एकच असतं, आणि ते सांगायला वैद्य भरपूर असतात : ‘थोडं अजून आवळ.’ ट्रॅक्टरचा डिझेलचा पाईप, हॉटेलातल्या पिंपाची तोटी, मोटारीचा कॉक, फवारणीचा पंप, सगळ्यांना हीच मात्रा. आवळणारा घामाघूम असतो, सांगणारे सावलीत. आटे गेले, नट चिरला, पाना निसटून बोटाचं साल निघालं, तरी सावलीतला सल्ला बदलत नाही. फार तर पुढे दोन शब्द वाढतात : ‘म्हटलं होतं, थोडं अजून आवळ.’

गळतीशी या गावाचं नातं जुनंच आहे. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड करत तेलंगणात संगारेड्डीला जाणारा १६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग नाक्यावरून जातो. पैनगंगेच्या पलीकडे वाशीम जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. अलीकडे हिंगोली, म्हणजे मराठवाडा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत अलीकडे निजामाचं राज्य होतं, आणि अशा हद्दीवरच्या नाक्यांवर त्याचं करोडगिरी खातं मालावर जकात घ्यायचं. नाका बसवायचाच मुळी गळती थांबवायला. आणि जगातल्या कुठल्याही नाक्यावर होतं तेच : गरिबाची गाडी नाक्यावरून जाते आणि हुशाराचा माल शेजारच्या बांधावरून पाझरतो. त्या काळीही वरचा साहेब खालच्या शिपायाला हेच सांगत असणार, जरा अजून आवळा म्हणून.

आवळून भागलं नाही तर पुढची पायरी म्हणजे काहीतरी लावणं. जुन्या नळवाल्यांकडे सफेदा आणि सुतळी असायची. आट्यांना सफेदा फासायचा, वर सुतळीचे पीळ द्यायचे आणि वरून आवळायचं. मग पांढरी टेफ्लॉन टेप आली. मग एम-सील आलं, आणि ते दोन बोटांत मळताना माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते पुरणाच्या गोळ्याच्याही नशिबी नसतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे. मोटारसायकलची टाकी पाझरली तर कपड्याची साबणवडी घासणं आहे. आणि या जिल्ह्याला शोभेल असा उपाय म्हणजे हळद. ट्रकचं रेडिएटर ठिबकायला लागलं की त्यात मूठभर हळद टाकणारे ड्रायव्हर अजून आहेत. बारीक भेगेत हळद बसते आणि गाडी पुढच्या गावापर्यंत जाते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या अर्जात रेडिएटरचा गुण लिहायला हरकत नव्हती.

अशा या सुखी गावात एसी आला.

त्याआधी कूलर होता, आणि कूलरने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. कूलर गळतोच. खाली टोपलं ठेवायचं, भरलं की तुळशीला ओतायचं. कूलर गळाला म्हणून कुणी मिस्त्री बोलावल्याचं ऐकिवात नाही. पण मे महिन्यात पारा त्रेचाळिसाच्या पुढे सरकायला लागला आणि एसी आधी डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत, मग कृषी सेवा केंद्रात, मग सातबाऱ्यापासून पीकविम्यापर्यंतची कामं करून देणाऱ्या ऑनलाइन सेंटरात ‘कॉम्प्युटर तापतो’ या सबबीखाली येऊन बसला. एसीचे दोन डबे : एक आत, एक बाहेर. दोघांना जोडतात दोन तांब्याच्या नळ्या, एक बारीक, एक जाड. बारकीतून गॅस पातळ होऊन आत जातो, जाडीतून वाफ होऊन घरातली गरमी घेऊन बाहेर येतो. घेणारा दुकानात एकच प्रश्न विचारतो : ‘कॉपर आहे ना?’ दुकानदार म्हणतो, ‘शंभर टक्के कॉपर.’ इथपर्यंत सगळं ठीक असतं.

पाईप नाक्यावर सुतात मोजतात. आठ सुतांचा इंच. दीड टनाच्या एसीला बहुधा बारकी नळी दोन सुती आणि जाडी चार सुती. पण पाण्याचा चार सुती पाईप आणि एसीचा चार सुती पाईप ही एका आडनावाची दोन भिन्न घराणी आहेत. पाण्याच्या लोखंडी पाइपाचा अर्धा इंच म्हणजे आतल्या पोकळीचं ढोबळ माप. बाहेरून तो भरतो २१ मिलिमीटरच्या वर. एसीची नळी मोजायची ती बाहेरून, म्हणून तिचा अर्धा इंच म्हणजे खरोखरच अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘चार सुती नट द्या’ म्हटलं की जो नट मिळतो त्यात ती नळी भिंतीला न टेकता आरपार ये-जा करते. दुकानदार नट परत घेत नाही. ‘चार सुतीच मागितला होता ना?’ मागितला होता. तक्रार कशाची करणार?

आता मुख्य भानगड. त्या तांब्याच्या नळ्या एसीला जोडताना तिथे डाख नाही, गम नाही, रबराचा वॉशर नाही, सुतळी नाही, टेपही नाही. नळीचं तोंड धोत्र्याच्या फुलासारखं पंचेचाळीस अंशांत फुलवायचं, ते समोरच्या पितळी शंकूवर टेकवायचं आणि मागून नट फिरवून दाबायचं. मऊ तांबं पितळेवर चेपून बसतं आणि आतला गॅस आत राहतो. बस्स. धातूला धातू. याला म्हणायचं फ्लेअर. नाक्यावरच्या बघ्यांचा या सांध्यावर विश्वास बसत नाही, आणि त्यांचं तरी काय चुकतं? साधी नळाची तोटी टेपचे दहा वेढे दिल्याशिवाय ऐकत नाही, तिथे गॅससारखी पळपुटी चीज नुसत्या चेपण्यावर सोडायची!

फ्लेअर मारायचं हत्यार दिसायला गरीब असतं. भोकं पाडलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांचा एक ब्लॉक, नळी पकडायला. आणि वर चढवायची एक कमान, तिच्यात स्क्रूला लावलेला शंकू. नळी ब्लॉकमध्ये धरायची, शंकू वरून फिरवत खाली आणायचा, तोंड फुलतं. एवढंच. ‘रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग’ हा आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, आणि त्या दोन वर्षांत जे एक वाक्य सर्वांत जास्त वेळा कानावर पडतं ते असं : नट आधी.

नट आधी नळीवर सरकवायचा, मग तोंड फुलवायचं. कारण एकदा तोंड फुललं की नट त्यावरून जात नाही. हे समजायला आयटीआय लागत नाही, सहा वर्षांच्या पोराला समजतं. आणि तरीही पृथ्वीवर जिथे जिथे तांब्याची नळी फुलवली जाते तिथे तिथे, अमेरिकेतल्या तळघरात काय आणि आपल्या कृषी सेवा केंद्रात काय, हा प्रसंग घडतो. माणूस नळी कापतो, घासतो, ब्लॉकमध्ये बसवतो, जीव लावून शंकू फिरवतो, सोडवतो, उजेडात धरतो. काय फूल उतरलंय! काठ एकसारखा, आतून आरशासारखं. तो ते शेजारच्याला दाखवतो. शेजारचा मान डोलावतो. मग दोघांची नजर एकदमच टेबलावर जाते. टेबलावर नट असतो.

यानंतर जी शांतता पडते ती पाहण्यासारखी असते. मिस्त्री कुणाकडेही न बघता कटर उचलतो आणि त्या सुंदर फुलाचं मुंडकं उडवतो. बघ्यांपैकी कुणाला काय झालं ते कळलेलं नसतं, म्हणून एक जण विचारतो, ‘काहून कापलं बापू? चांगलं तर होतं.’ मिस्त्री म्हणतो, ‘फिनिशिंग नव्हतं.’

नट उलटा घालणं हा याच रागातला दुसरा ख्याल. तो जास्त जिव्हारी लागतो, कारण नट आधी घातलेला असतो.

मिस्त्रीबरोबर एक पोऱ्या असतो. पाना दे, शिडी धर, वायर ओढ ही त्याची कामं. पोऱ्याला नट टेबलावर दिसत नाही असं नाही. त्याची नजर शाबूत आहे. पण कापलेली मुंडकी त्याच्या खिशात जातात, आणि भंगारात तांब्याला लोखंडाच्या कैक पट भाव आहे. अशा परिस्थितीत कोण कुणाला आठवण करून देतो?

एसीच्या खोक्यात येणाऱ्या नळीची तोंडं खरं तर कारखान्यातूनच फुलवून, नट घालून येतात. पण नाक्यावरची भिंत कारखान्याला विचारून बांधलेली नसते. बाहेरचा डबा कुठे ठेवायचा हे घरमालक आदल्या रात्री ठरवतो आणि सकाळी त्याचा भाऊ बदलतो. रस्त्याकडे ठेवला तर धूळ, मागे ठेवला तर शेजाऱ्याच्या खिडकीवर गरम वारा, गच्चीवर ठेवला तर माकडं. नळी कधी लांबवावी लागते, कधी कापावी लागते. आणि कापाकापी दोन-चारदा झाली, की मग नळी डब्यापर्यंत पोचत नाही. डबाच भिंतीकडे सरकतो. एखाद्या घराचा बाहेरचा डबा भिंतीला अगदी कान लावून बसलेला दिसला, तर त्या घरात किती वेळा फिनिशिंग कमी पडलं याचा अंदाज बांधता येतो.

कापण्याचंही शास्त्र आहे. चाकाचा कटर नळीभोवती फिरवायचा आणि प्रत्येक फेरीला किंचित कसायचा. घाई केली तर नळी चपटी होते. हॅक्सॉ ब्लेडने कापली तर काम चटकन होतं, पण तांब्याचा भुसा आत पडतो, आणि तो भुसा गॅसबरोबर फिरत फिरत कॉम्प्रेसरला भेटायला जातो. कापल्यावर आतल्या कडेला जी धार उभी राहते ती रीमरने खरवडायची, आणि खरवडताना नळीचं तोंड जमिनीकडे ठेवायचं, म्हणजे कीस बाहेर पडतो. ब्लॉकमधून नळी वर किती ठेवायची? साध्या ब्लॉकला जेमतेम एक-दीड मिलिमीटर. जास्त ठेवली तर फूल इतकं मोठं होतं की नट त्याला पोटात घेत नाही. कमी ठेवली तर ओठच उरत नाही, दाबायचं काय? शंकूला तेलाचा थेंब लावायचा. थेंब नसला तर थुंकी लावणारे आहेत. ओल आत गेली की एसीला पडसं होतं ते निराळं.

तांब्याचा स्वभाव मात्र समजून घेण्यासारखा आहे. ते मऊ आहे म्हणून फुलतं; पण जितकं वाकवावं, ठोकावं, सरळ करावं, तितकं ते कडक होत जातं. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथले तांबट हंड्या-घागरींवर मठारकाम करतात, म्हणजे लाकडी नव्हे तर गुळगुळीत तोंडाच्या लोखंडी हातोडीने ठोके मारत जातात. त्या ठोक्यांच्या ओळी शोभेच्या वाटतात; शोभा आहेच, पण पातळ पत्रा त्या ठोक्यांनी कणखरही होतो. आपल्या आजोळचा बंब दोन पिढ्यांच्या आंघोळी सोसून उभा राहिला तो याच जोरावर. नळीच्या बाबतीत मात्र हाच गुण अंगलट येतो. भिंतीतून काढताना वाकवलेली, मग सरळ केलेली, मग भावाने जागा बदलली म्हणून पुन्हा वाकवलेली नळी टोकाला आडमुठी झालेली असते. तिला फुलवायला गेलं की काठाला केसाएवढी चीर पडते. ती चीर डोळ्यांना दिसत नाही. गॅसला बरोबर दिसते.

यावर उतारा आहे. तांबं लालसर होईपर्यंत तापवलं की पुन्हा मऊ होतं. लोखंड तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं, तांबं बुडवलं तरी मऊच राहतं. हे नाक्यावरच्या इंजिन मिस्त्र्याला धातुशास्त्राचा एक धडा न वाचता माहीत आहे. डिझेल इंजिनाचा जुना तांब्याचा वॉशर तो फेकत नाही. चिमट्यात धरून चहावाल्याच्या शेगडीवर लाल करतो, पाण्यात टाकतो आणि नव्यासारखा पुन्हा बसवतो. चहावाल्याची तक्रार वेगळीच आहे : पाणी म्हणून मिस्त्री कपबशा विसळायची बादली वापरतो.

कोनाचाही एक घोळ आहे. एसी-फ्रिजची नळी पंचेचाळीस अंशांत फुलवतात. जेसीबीसारख्या यंत्रांच्या हायड्रॉलिक पाइपांचे आणि विमानातले जोड मात्र बऱ्याचदा सदतीस अंशांचे असतात. सदतीसचं तोंड पंचेचाळीसच्या शंकूवर बसल्यासारखं दिसतं, पण टेकतं फक्त एका कडेला, आणि गळतं. ‘आठ अंशांनी काय होतं?’ असं विचारणारा माणूस मे महिन्यात पारा पस्तिसावरून त्रेचाळिसावर गेला की ओला पंचा डोक्यावर घेऊन फिरतो.

आणि मग येतं ते आवळणं.

फ्लेअरचा नट दोन पान्यांनी आवळायचा असतो, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. नाहीतर नटाबरोबर नळीही पिळली जाते. किती आवळायचा हे कंपन्यांनी आकड्यात लिहून ठेवलंय : दोन सुतीला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, चार सुतीला ५० ते ६०. म्हणजे बारक्या नटाला जेवढा जोर, त्याच्या तिपटीहून जास्त जाड्याला. हे मोजणारा टॉर्क पाना असतो. ठरलेल्या जोराला ‘टक्’ वाजतो आणि सांगतो, पुरे. अख्ख्या तालुक्यात ‘पुरे’ म्हणणारी ही एकच वस्तू असेल, आणि ती बहुतेक पिशव्यांत नसते. कारण ती महाग आहे, आणि गिऱ्हाइकाला तिचा राग येतो. मिस्त्री नट बसवतो, हाताला अंदाज लागतो, थांबतो. बघे अस्वस्थ होतात. त्यांच्या हिशेबी माणूस आवळतोय तोवर काम चाललंय. थांबला की कामचुकार.

‘झालं?’
‘झालं.’
‘थोडं अजून आवळ ना भाऊ. पैसे देणार हाव ना आम्ही.’

मिस्त्रीही शेवटी याच मातीतला. तो थोडं अजून आवळतो. तांब्याचा ओठ नट आणि शंकू यांच्यामध्ये चेपून कागदाएवढा पातळ होतो. त्या दिवशी काही होत नाही. थंड हवा सुटते, सगळे बाह्या वर करून एसीसमोर उभे राहतात, म्हाताऱ्या आजी ‘लेकरा, बंद कर रे, हाडं दुखायलीत’ म्हणतात. कॉम्प्रेसर थरथरतो, नळी थरथरते, दिवसा तापते, रात्री निवते. मग पुढच्या हंगामात कधीतरी हवा गार येईनाशी होते.

इथे मिस्त्र्याचं जगप्रसिद्ध निदान येतं : ‘गॅस संपला.’ गिऱ्हाईक ते मुकाट्याने मान्य करतं, कारण घरातला दुसरा गॅस संपतोच. सिलिंडर संपतं, नंबर लावावा लागतो, मग हा का नाही संपणार? पण एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. तोच तो आतून बाहेर, बाहेरून आत येरझाऱ्या घालतो. ज्या घरात एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरतात त्याच घरात वीस वर्षांचा फ्रिज पहिल्याच गॅसवर दह्याला थंडावा देत उभा असतो, कारण त्याचे सांधे कारखान्यात डाख देऊन कायमचे बंद केलेले आहेत आणि तिथे कुणालाही आवळायला जागा ठेवलेली नाही. एसीत गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गेला. कुठून, हे शोधायला वेळ लागतो. भरायला लागत नाही. म्हणून भरतात. पूर्वी आर-२२ होता, त्याने ओझोनच्या थराला भोक पडतं म्हणून त्याला निरोप चाललाय. आता बहुतेक नव्या एसींत आर-३२ असतो. त्याचा दाब आर-२२ पेक्षा बराच जास्त, शिवाय तो थोडासा पेट घेणारा. म्हणजे जे ओबडधोबड फूल जुन्या गॅसला चालून जायचं ते नव्याला चालत नाही. आणि तरी पिशवीतला ब्लॉक तोच, शंकू तोच, थुंकी तीच.

गळती शोधायची रीत मात्र देखणी आहे. नळीत नायट्रोजन भरून दाब धरायचा, निदान गॅस सोडून तरी बघायचा, आणि सांध्यावर साबणाचा फेस लावायचा. गळत असेल तिथे फुगा येतो. या वेळी नाक्यावर जेवढी एकाग्रता जमते तेवढी ग्रामसभेला जमत नाही. टेम्पोवाला गाडी बंद करून उतरतो. पंचायतीचा शिपाई येतो. सगळे वाकून नटाकडे बघतात. फेसाला मुळातच फुगे असतात, त्यामुळे पहिल्या मिनिटाला ‘हे बघा आला’ असं तिघे तीन ठिकाणी बोट दाखवून म्हणतात. मिस्त्री सांगतो, असलेला फुगा धरायचा नाही, वाढणारा धरायचा. मग खरोखरच एक फुगा हळूच डोकं काढतो, मोठा होतो, फुटतो, तिथेच दुसरा येतो. कुजबुज होते. निकाल लागल्यासारखे लोक सरळ होतात, आणि कुणीतरी ते वाक्य उच्चारतं.

एखादा मिस्त्री या वेळी ऐकत नाही. नट सोडतो, चेपलेलं फूल कापून टाकतो (पोऱ्या हात पुढे करतो), नळीचं टोक जाळावर धरून मऊ करतो, नट आधी सरकवतो, नवं फूल पाडतो, अंदाजाने आवळतो आणि पाना खाली ठेवतो. फेस लावतो. फुगा येत नाही. दुकानदार जवळ येऊन निरखतो. त्याचं समाधान झालेलं नसतं.

‘टेप नाही लावली?’
‘इथं टेप लागत नाही, शेठ. लावली तर उलट गळंल.’
‘पैसे पूर्ण घेणार ना तू? मग टेप काहून नाही?’

मिस्त्री पिशवीतून पांढऱ्या टेपचा रुंद गुंडाळा काढतो. ही टेप निराळी. हिला चिकट नसतं, आणि गळतीशी तिचा संबंधही नसतो. नळीवरच्या काळ्या फोमला ऊन लागू नये म्हणून ती वरून गुंडाळायचीच असते. तो ती भिंतीपासून डब्यापर्यंत वेढ्यावर वेढा देत नेतो, शेवटी गाठ मारतो.

‘आता कसं!’ शेठ म्हणतो आणि पाकीट काढतो. ‘सुरुवातीलाच लावली असती तर गॅस गेला असता का?’